डिल्सबेर्गची विहीर

डिल्सबेर्ग, १८ एप्रिल

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आईचं "जेवलीस का" आणि आप्पांचं "थंडी किती" एवढं होईतो तिकडे कुकरची शिट्टी होते नाहीतर इकडे माझी इस्पितळातली ड्यूटी लागते. मागच्या रविवारी आप्पांनी विचारलं, "गडावर राहतेस म्हणतेस, मग पाणी कुठलं?" मी म्हणाले, "नळाला येतं." त्यावर तुम्ही नुसतं "हं" केलंत. तो "हं" मला आठवडाभर पुरला. पुरंदर-वज्रगड पालथे घालणाऱ्या माणसाला नळ सांगून काय उपयोग! म्हणून आज सुट्टी आहे तर कागद घेऊन बसले आहे. आई, चष्मा आप्पांकडेच असू दे, तू भाजी निवडत ऐक.

आधी जागा सांगते. इथे जर्मनीत हायडेलबर्गहून लोकल गाडीनं नेकार नदीच्या काठाकाठानं वर आलं की थोड्याच वेळात नेकारगेम्युंड लागतं. तिथे एल्झेन्त्स नावाची लहान नदी नेकारला मिळते. तिथून बस वळणं घेत डोंगर चढते आणि माथ्यावरच्या वेशीपाशी सोडते. हे आमचं डिल्सबेर्ग. सगळं जुनं गाव तटाच्या आत. एक दरवाजा, त्यातून वर जाणारा फरसबंदी रस्ता, दोन्ही अंगांना एकमेकांना टेकलेली घरं, देऊळ म्हणजे चर्च, आणि सगळ्यांत वर पडका बालेकिल्ला. आता हे तटाबाहेर पसरलं आहे, कागदोपत्री तर १९७३ पासून नेकारगेम्युंडातच मोडतं, पण इथल्या म्हाताऱ्यांना तसं म्हणून बघा! सासवडला कुणी पुण्यात मोडतं म्हटलं तर तुमचं जे होईल तेच.

उंची विचाराल तर हसाल. नदीपासून माथा दोनेकशे मीटर. समुद्रसपाटीपासून मोजलं तर आपलं सासवड याच्या दुपटीहून उंच भरतं! म्हणजे तुम्ही ओट्यावर बसल्या बसल्या माझ्या गडाच्या वर आहात. पण नदी अशी पायथ्याशी वळसा घालून गेली आहे की तटावर उभं राहिलं की उंच वाटतं. पलीकडच्या काठावर नेकारश्टायनाख, तिथे एका ओळीत चार किल्ले. गंमत म्हणजे ते वेगळ्या राज्यात आहेत, हेसनमध्ये. आम्ही बाडेन-वुर्टेमबर्ग. नदी ओलांडली की शाळांच्या सुट्ट्या बदलतात.

मी इथे का आले ते आईला माहीत आहे. खाली भाडी परवडेनात. वरची खोली स्वस्त पडली, आणि ती का स्वस्त ते पहिल्या महिन्यातच कळलं. उशिराच्या पाळीनंतर शेवटची बस चुकली की रात्री तासाभराची चढण. दोनदा चढले. दुसऱ्यांदा रानडुक्कर दिसलं. (आई, हे आधी सांगितलं नव्हतं. आता काही उपयोग नाही रागावून.)

थंडीचं म्हणाल तर खाली नदीकाठी आणि वर आमच्याकडे फार तर एक-दीड अंशाचा फरक. पण शून्याच्या आसपास तेवढ्यानं सगळं पालटतं. हायडेलबर्गचा भाग जर्मनीतला उबदार म्हणून प्रसिद्ध आहे, तिथे बदामाची आणि अंजिराची झाडं जगतात. जानेवारीत कामावरून निघताना तिथे पाऊस असतो, बस अर्ध्यावर आली की पावसाचा आवाज बंद होतो. मी आता खिडकीबाहेर न बघताच ओळखते, बर्फ सुरू झाला.

आणि बर्फ पडला की गंमत नसते, काम असतं. घरापुढची पायवाट सकाळी सातच्या आत साफ करायची. कुणी घसरून पडलं तर जबाबदारी घरवाल्यांची. आमच्या घरात माझी पाळी एक आठवडा आणि घरमालकीण आजींची एक आठवडा. आजी ८१ वर्षांच्या. पहिल्या बर्फाला माझी पाळी होती आणि मी आपली गोधडीत. सहाला खर्र खर्र आवाज आला म्हणून पडदा सारला तर आजी खोऱ्यानं बर्फ ओढताहेत. धावत खाली गेले, दारातच पाय सटकला आणि बसले मांडी घालून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खोरं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "अल्ला हॉप!" मी दचकलेच, अल्लाचं नाव का घेताहेत. मग कळलं, हा इकडच्या बोलीतला शब्द आहे, फ्रेंचांकडून आलेला, अर्थ "चल, हो पुढं." फ्रेंच सरहद्द इथून लांब नाही, आणि त्यांच्या फौजा इथे येऊन गेल्या त्या काही पाहुण्या म्हणून नव्हे. पण त्यांचा शब्द मात्र आजींच्या तोंडी अजून राहिला आहे.

खरं सांगायचं तर थंडीपेक्षा अंधार जड जातो. डिसेंबरात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि साडेचाराच्या आत बुडतो. सकाळच्या पाळीला जाताना अंधार, येताना अंधार, उजेड फक्त वॉर्डातल्या खिडकीतून. जूनमध्ये उलट, रात्री साडेनऊपर्यंत ऊन, झोपायचं कधी कळत नाही.

पाऊस मोजला तर वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर, म्हणजे आपल्यापेक्षा फार जास्त नाही. पण आपल्याकडे चार महिन्यांत जो काय यायचा तो येतो, न आला तर संपलं. इथे तो बारा महिन्यांत वाटून दिलेला. जोर नाही, आवाज नाही. पाऊस पडतोय हे छत्रीवरून कळतं, कौलावरून नाही.

धुकं मात्र बघण्यासारखं. नोव्हेंबरात थंड हवा रात्री दरीत उतरून बसते, त्यात नदीची वाफ, आणि सकाळी अख्खी दरी भरलेली. खालचे लोक दिवस दिवस सूर्य बघत नाहीत आणि आम्ही वर उन्हात. समोरच्या डोंगरांचे माथे तेवढे वर, बाकी सगळं पांढरं, खालून फक्त आगगाडीचा आवाज. आप्पा, श्रावणात केदारेश्वरापाशी तुम्ही मला खांद्यावर घेऊन "बघ, आभाळ खाली गेलं" म्हणाला होतात ना, तेच. फक्त इथे हात खिशातून काढवत नाहीत.

आई, तुझ्यासाठी एक. तू पाठवलेल्या लवंगी मिरचीची रोपं खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांत चांगली वीतभर झाली आहेत. परवा ऊन पडलं म्हणून बाहेर ठेवायला निघाले तर आजींनी हात धरला. म्हणाल्या, थंड सोफी होऊन जाऊ दे. ही सोफी म्हणजे संतीण. मे महिन्यात ११ ते १५ तारखेला ओळीनं पाच संतांचे दिवस येतात, मामेर्टुस, पांक्राट्सियुस, सेर्वाट्सियुस, बोनिफाट्सियुस आणि शेवटी सोफी. सगळे मिळून "बर्फाचे संत". ते जाईपर्यंत रात्री दंव गोठायची भीती, म्हणून नाजूक रोप कुणी बाहेर काढत नाही. आणखी एक दिवस २७ जूनचा, त्या दिवशी जशी हवा तशीच पुढचे सात आठवडे राहते म्हणतात. मृगाचं वाहन म्हैस की कोल्हा, हे बघायला तुम्ही पंचांग काढता, तशा आजी भिंतीवरचं कॅलेंडर काढतात. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे अखितीला कारल्या-दोडक्याची आळी करतात. त्या म्हणाल्या, मग तुमच्याकडचे संत चांगले आहेत.

सध्या जंगलात लसणाचा वास सुटला आहे. बेअरलाउख, म्हणजे अस्वलाचा लसूण. कांदा नाही वापरत, पानंच लसणासारखी. झाडाखाली गालिचाच असतो. मी हिरवी मिरची आणि शेंगदाणे घालून त्याचा ठेचा केला, वॉर्डातल्या दोघीतिघींना डब्यातून नेला. एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी तिनं पुन्हा मागितला. तोडताना मात्र जपावं लागतं, तश्शाच पानाचं एक विषारी झाड शेजारीच उगवतं. पान चुरगाळून वास घ्यायचा म्हणतात, पण पहिल्या पानानंतर बोटांनाच वास राहतो, मग दुसरं कसं ओळखणार? आजी शेजारी असल्याशिवाय मी तोडत नाही.

आता गड. तुम्ही इतका वेळ वाट बघत असाल.

किल्ला बाराव्या शतकाच्या आसपासचा, लाउफेनच्या सरदार घराण्यानं बांधला म्हणतात. चौदाव्या शतकात तो हायडेलबर्गच्या राजाकडे, म्हणजे फाल्त्सच्या घराण्याकडे आला. दगड सगळा तांबडा वाळूचा. आपल्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना तो विटेसारखा वाटतो, ओला झाला की काळपट-लाल होतो, सुरीनं खरवडला तर निघेलसा. हायडेलबर्गचा राजवाडाही ह्याच दगडाचा. त्या राजवाड्याची एक तारीख ऐका. २ मार्च १६८९ रोजी फ्रेंच फौजेनं राजवाडा आणि शहर पेटवून दिलं. फलकावर ती तारीख वाचली आणि तिथेच थांबले. १६८९ चा मार्च! त्याच महिन्यात तुळापूरला आपल्या संभाजी महाराजांचा शेवट झाला. ज्या महाराजांचा जन्म आपल्या पुरंदरावरचा. बरोबरच्या मुलींना समजेना मी का गप्प झाले. कुठून सुरुवात करून सांगणार?

आमच्या गडाचं पुढे साधंच झालं. काही काळ तुरुंग. हायडेलबर्ग विद्यापीठातले दंगेखोर विद्यार्थीसुद्धा शिक्षा म्हणून इथे आणून ठेवायचे. मग एकोणिसाव्या शतकात लोकांनी बालेकिल्ल्याचे दगड काढून नेले, घरांना, भिंतींना. आपल्याकडे वाड्यांचं झालं तसंच. माझ्या खोलीच्या जोत्यात एक कोरीव कंगोरा असलेला दगड आडवा बसवला आहे, तो कुठून आला हे आजी सांगत नाहीत, नुसत्या हसतात.

आणि आता पाणी. वरच्या चौकात विहीर आहे. ४६ मीटर खोल. आपल्या हिशेबानं पंचवीस-तीस परस धरा. पुरंदरावर कातळात टाकी खोदली की पावसाचं पाणी धरून राहतं, कातळ पाणी पीत नाही. इथला दगड पितो. पडलेलं पाणी झिरपत खाली जातं, म्हणून पाण्याच्या मागे मागे माणसालाही खालीच जावं लागलं. आज्ञापत्रातलं "आधी उदक पाहून किल्ला बांधावा" हे तुम्ही मला प्रत्येक गडावर ऐकवलंत. इथल्यांनी किल्ला आधी बांधला की उदक आधी पाहिलं कोण जाणे, पण नंतर ते गाठायला हाडं मोडली असणार.

या विहिरीबद्दल गावात जुनी वदंता होती की तिच्या पोटातून एक चोरवाट निघते. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात टिली नावाच्या सेनापतीनं वेढा घातला तेव्हा दाणागोटा त्या वाटेनं वर यायचा, वेढेकरी उपाशी आणि गडकरी खाऊनपिऊन तृप्त, म्हणून गड हाती लागला नाही, वगैरे. खरा इतिहास असा की १६२२ साली टिलीच्या फौजेनं गड घेतला. पण अशा गोष्टींना इतिहासाची पर्वा कुठे असते! आपल्याकडेही दर गडाचं भुयार थेट दुसऱ्या गडावर निघतंच.

१८७८ च्या उन्हाळ्यात मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक हायडेलबर्गला येऊन राहिला होता. १८८० साली त्यानं प्रवासाचं पुस्तक काढलं, त्यात हे डिल्सबेर्ग आहे. गावातल्या पोरांनी त्याला विहीर दाखवली. म्हणाली, भुयार आहे, सिद्ध करून दाखवतो. गवताची पेंढी पेटवून आत टाकली. पेंढी जळत जळत तळाला गेली, विझली, आणि धूर काही वर आला नाही. पोरं टाळ्या पिटत म्हणाली, आता सांगा, धूर गेला कुठे? हा लेखक तिखटमीठ लावण्याबद्दल नावाजलेला. तेव्हा लोकांनी ती एक गंमत म्हणूनच वाचली असेल.

पण एकानं ती खरी मानली. फ्रिट्झ हेलर नावाचा जर्मन-अमेरिकन माणूस. पुस्तकातल्या त्या धुराच्या मागे तो आला आणि १९२६ साली डोंगराच्या उतारावरून बोगदा शोधून मोकळा केला. ७८ मीटर लांब, सरळ विहिरीत निघणारा.

मी तिथे जाऊन आले. वाटाड्याबरोबर, डोक्यावर टोप आणि हातात विजेरी. वाकून चालावं लागतं, भिंतींवर टाकीचे तिरके घाव अजून जसेच्या तसे. हात लावला की बोटांना तांबडी वाळू लागते. आत बारमाही सारखाच गारवा. शेवटी जाळीशी उभं राहिलं की वर आभाळाचा रुपयाएवढा तुकडा दिसतो आणि खाली काळोख. आणि आप्पा, अंगावरून वारा गेला. बाहेर पान हलत नव्हतं आणि आत मानेवरून वारा जात होता.

वाटाड्या म्हणाला, ही चोरवाट नव्हेच. विहीर आणखी खोल न्यायची होती, आणि खाली खणणाऱ्यांना श्वास पुरेना. म्हणून बाजूनं डोंगर फोडून हवेला वाट करून दिली. दाणागोटा नाही, हेर नाहीत, काही नाही. खाली उतरलेल्या माणसांना दम घेता यावा म्हणून ७८ मीटर दगड फोडला.

बाकीचे लोक जरा हिरमुसले. त्यांना चोरवाट हवी होती. मला एकदम तुमची विहीर आठवली. बहात्तर सालची. तुम्ही नऊ-दहा वर्षांचे, दुष्काळात आजोबांनी मळ्यातली विहीर आणखी खोल न्यायला घेतली होती. रोज सकाळी माणूस उतरायच्या आधी तुमच्या हातात दोर द्यायचे आणि पेटता कंदील आत सोडायला लावायचे. कंदील तळापर्यंत जळत गेला तर माणसं उतरायची. विझला तर निंबाच्या डहाळ्या दोराला बांधून तासभर वर-खाली, वर-खाली, खालची कोंदलेली हवा हलवायला. तुम्ही सांगायचात की एकदा कंदील सात-आठ हातांवरच विझला आणि आजोबांनी त्या दिवशी कुणालाही उतरू दिलं नाही, मजुरी मात्र सगळ्यांना दिली. आपली आजी भांडली होती त्यावरून. लहानपणी मला ती गोष्ट कंटाळवाणी वाटायची. त्यात राजा नाही, भूत नाही, पाणीसुद्धा लागत नाही.

परत येताना वाटाड्याला मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये कंदिलाचं सांगितलं. तो थांबला. म्हणाला, डहाळ्या कशाच्या? निंबाला जर्मनमध्ये काय म्हणतात मला ठाऊक नव्हतं. "कडू पानांचं झाड" म्हणाले. त्यानं खिशातून वही काढून लिहून घेतलं.

आणखी एक राहिलंच. जेजुरीला धनगरांत फिरणारा, अस्खलित मराठी बोलणारा गोरा साहेब तुम्ही तरुणपणी बघितला होतात ना, "आपल्यापेक्षा खंडोबा त्याला जास्त ठाऊक" म्हणायचात? तो इथलाच असणार. गुंथर सोन्थायमर. हायडेलबर्ग विद्यापीठात १९६२ पासून दक्षिण आशिया संस्था आहे, तिथले ते अभ्यासक. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर त्यांनी आयुष्य घातलं, १९९२ साली गेले. म्हणजे इथून बसनं तासाभरावर धनगरी ओव्यांचा अभ्यास चालायचा आणि मला इथे येऊन दोन वर्षं झाली तरी पत्ता नव्हता. पुढच्या सुट्टीला त्यांच्या ग्रंथालयात जाणार आहे. आत जाऊ देतील का बघू, नर्सला तिथे काय काम असं विचारतील कदाचित.

आप्पा, तुम्ही मला एवढं कळवा. कंदील सोडताना दोर किती हातांचा होता, आणि पाणी शेवटी कितीव्या हाताला लागलं? आजोबा "लागलं" एवढंच म्हणायचे. फोनवर नको, पोस्टकार्डावर लिहा, तुमच्या अक्षरात. वाटाड्याला दाखवायचं आहे, आकडे तरी त्याला वाचता येतील म्हणून देवनागरीच्या खाली इंग्रजी आकडे पण घाला.

गुडघ्याला तेल लावताय का? दादाला सांगा, जिन्याला कठडा बसवून घ्यायचं पुढे ढकलू नको. वहिनीला आणि चिंगीला गोड पापा.

तुमची,
सुमी

ता. क. आई, पत्र बंद करताना बघितलं, एका रोपाला कळी आली आहे. अजून सोफीला महिना आहे.